करणं सोपं, मोडणं संथ

रायपूरच्या मास्टर प्लानचा विषय निघाला की एक मत हटकून कानावर येतं, आणि ते मांडणारे लोक बहुतेकदा विचारी असतात. कुठली जमीन शेतीखाली राहील, कुठे वस्ती होईल आणि कुठून रस्ता जाईल हे ठरवणारा दस्तऐवज साध्या बहुमतावर सोडू नये, असं ते म्हणतात. अर्थसंकल्प दरवर्षी बदलतो, आराखडा मात्र पिढीभर पुरतो. म्हणून त्याच्या मंजुरीला सभागृहाचं दोन तृतीयांश, जमल्यास तीन चतुर्थांश बहुमत हवं. पुण्या-मुंबईतही हेच बोललं जातं. हे मत आता इतकं रुळलं आहे की त्यावर शंका घेणारा बिल्डरांचा वकील ठरतो. तो धोका पत्करून मी म्हणतो की या मतामागची काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे, आणि काही बाबतींत तो रोग वाढवणारा आहे.

आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. त्याचे आधार तीन आहेत.

पहिला आधार असा की जमिनीबाबतचा निर्णय परत घेता येत नाही. कर वाढवला तर पुढच्या वर्षी कमी करता येतो, पण बुजवलेला तलाव पुन्हा खणून कोणी देत नाही. रायपुरात याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. राजबंधा हे आज मैदानाचं नाव आहे. तिथे एकेकाळी तलाव होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. जे परत येणार नाही ते घालवताना जास्त माणसांची संमती घ्यावी, हे म्हणणं सहज पटतं.

दुसरा आधार अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा. आराखड्याचा लाभ शहरभर पसरतो, पण भार मोजक्यांवर पडतो. ज्याच्या दोन एकरांतून रिंग रोड जातो किंवा ज्याच्या खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या क्रमांकित तुकड्यावर, उद्यानाचा हिरवा रंग चढतो, त्याचं मत सभागृहात कोण मांडणार? बहुमताची अट उंच असली तर त्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या थोड्या सदस्यांनाही किंमत येते.

तिसरा आधार व्यवहाराचा आहे. रायपूरच्या 70 जणांच्या सभागृहात साध्या बहुमताची 36 माणसं फोडण्यापेक्षा दोन तृतीयांशांची 47 माणसं फोडणं महाग, इतकं साधं.

याला तात्त्विक पाठबळही आहे. जेम्स ब्युकॅनन आणि गॉर्डन टुलक या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1962 साली सामूहिक निर्णयांचा हिशेब मांडला. संमतीची अट जसजशी वाढते, तसतसं दुसऱ्यांच्या निर्णयाने माझं नुकसान होण्याचं भय कमी होतं, आणि निर्णयाला लागणारा वेळ व खटाटोप वाढतो. या दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी तिथे अट ठेवावी. नुकसान जितकं मोठं आणि कायमचं, तितकी अट वर न्यावी. आपल्या राज्यघटनेच्या दुरुस्तीलाही उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची अट आहेच. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. मग शहराच्या आराखड्यालाच साधं बहुमत का पुरावं?

पूर्वपक्ष असा भक्कम आहे. आता उत्तर.

पहिली अडचण रायपूरच्याच कायद्यात आहे. अट किती असावी हा वाद घालण्याआधी मतदान कुठे होतं ते पाहावं. इथे ते होतच नाही. छत्तीसगढमध्ये अजूनही मध्य प्रदेशच्या काळातला 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम चालतो. त्यानुसार आराखडा नगर निवेश संचालक तयार करतो. कलम 17-अ खाली एक समिती बसते. तीत महापौर असतो, जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष, खासदार, आमदार, सरपंच आणि व्यावसायिक संस्थांचे प्रतिनिधी असतात. पण समितीचं काम सुचवण्याचं आहे. मसुदा प्रसिद्ध होतो, 30 दिवसांत दावा-आपत्ती, म्हणजे हरकती, मागवल्या जातात, समिती त्या ऐकते आणि आपल्या सूचना वर पाठवते. कलम 19 खाली मंजुरी राज्य शासनाची. शासन आराखडा मान्य करू शकतं, फेरफार करून मान्य करू शकतं, परतही पाठवू शकतं. रायपूर महानगरपालिकेच्या 70 पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, हात वर करून आराखडा मंजूर किंवा नामंजूर करावा अशी पायरी या कायद्यात नाही. जिथे मतच नाही तिथे दोन तृतीयांशांची मागणी करणं म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणं.

हे घटनेच्या उद्देशाशीही जुळत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि तिच्या यादीत नगररचनेसह नागरी नियोजन हा विषय पहिल्या क्रमांकावर ठेवला. अनुच्छेद 243-यघ मध्ये जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य लोकनियुक्त संस्थांमधून निवडून यावेत अशी तरतूद आहे. 243-यङ मध्ये दहा लाखांवर वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी हे प्रमाण दोन तृतीयांश ठेवलं आहे. 2011 च्या जनगणनेतच रायपूरने दहा लाखांचा उंबरठा ओलांडला. घटनेत इथे अपूर्णांक वापरले आहेत, पण ठरवायला किती मतं हवीत यासाठी नव्हे. ठरवणाऱ्यांत लोकांनी निवडलेले किती हवेत, यासाठी ते आहेत. आपला वाद नेमका हा फरक विसरतो.

समजा उद्या कायदा बदलला आणि पालिकेला मत मिळालं. दोन तृतीयांशांची अट तेव्हा काय करेल? रायपूरच्या लागोपाठच्या दोन सभागृहांवर ती लावून पाहू. 70 च्या सभागृहात साधं बहुमत 36 चं, दोन तृतीयांश 47 चं, तीन चतुर्थांश 53 चं.

डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत काँग्रेसला 34, भाजपला 29 आणि इतरांना 7 जागा मिळाल्या. सत्ताधाऱ्यांनी सगळे सातही जण गोळा केले तरी 41 होतात. 47 गाठायला विरोधी पक्षातले सहा तरी फोडावे लागतात. म्हणजे या सभागृहात दोन तृतीयांशांची अट म्हणजे विरोधी पक्षाच्या हातातला कायमचा नकाराधिकार. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत भाजपने 70 पैकी सुमारे 60 जागा जिंकल्या. या सभागृहात दोन तृतीयांश सोडाच, तीन चतुर्थांशांची अटही सत्ताधारी पक्ष चहा पिता पिता पार करेल. शहर तेच, कायदा तोच, आराखड्याचं गांभीर्यही तेच. पण एका सभागृहात अट अभेद्य ठरते आणि पुढच्यात ती असून नसल्यासारखी होते. जो पहारा एकतर्फी सत्तेच्या वेळी गाढ झोपतो आणि चुरशीच्या सभागृहातच जागा असतो, तो कशाचं रक्षण करतो? भीती तर पहिल्या प्रकारच्या सत्तेची असते.

दुसरी चूक याहून खोल आहे. अट पूर्ण झाली नाही तर पुढे काय होतं, हे उच्च अटीचे समर्थक सांगत नाहीत. त्यांच्या मनात असं चित्र असतं की ठराव पडला, आराखडा अडला, शहर होतं तसं राहिलं, चर्चा पुन्हा सुरू झाली. ब्युकॅनन-टुलक यांच्या हिशेबातही हेच गृहीत धरलेलं असतं: निर्णय झाला नाही तर आहे ते टिकतं. भारतातल्या शहरांत ते टिकत नाही. इथे सभागृह अडलं की निर्णय मंत्रालयात जातो.

पुण्याचं उदाहरण ताजं आहे. जुन्या हद्दीचा आराखडा 1987 चा, वीस वर्षांनी त्याची फेरतयारी व्हायला हवी होती. नव्या आराखड्याचा मसुदा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर 87 हजारांच्या घरात हरकती आल्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 28 नुसार नियोजन समिती बसली. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चार जाणकार असतात. तिथे एकमत झालं नाही, सभागृहात वेळ गेला. मार्च 2015 मध्ये राज्य शासनाने आराखडा पालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालच्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला. जानेवारी 2017 मध्ये शासनाने त्याला मंजुरी दिली. इथे दोन तृतीयांशांची अट नव्हती. साध्या बहुमताच्या सभागृहालाच वेळेत निर्णय घेता आला नाही, आणि शहराचा अधिकार गेला. त्यावर आणखी उंच अट लादली असती तर अधिकार आणखी लवकर गेला असता, इतकाच फरक. अल्पसंख्याकांचं रक्षण म्हणून जी अट मागितली जाते, ती प्रत्यक्षात तीन अधिकाऱ्यांच्या खोलीकडे जाणारा रस्ता ठरते. त्या खोलीत त्या दोन एकरवाल्याचं ऐकणारं कोण?

आराखडा अडला की शहरही थांबत नाही. रायपूरच्या कडेची शेती रोज थोडी थोडी कापली जाते. शेतात चुन्याच्या रेघा पडतात, मुरमाचा रस्ता येतो, कोपऱ्यावर प्लॉट विक्रीचा फलक लागतो, डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती रूपांतर, झालेलं असो वा नसो. आराखडा नसलेल्या वर्षांत हे सगळं आराखड्याविना होतं. निर्णय न घेणं हाही जमिनीच्या बाजारात एक निर्णय असतो, आणि त्याचा फायदा ज्याच्याकडे रोकड तयार आहे त्याला मिळतो.

आता तिसरा आधार, माणसं फोडण्याच्या खर्चाचा. 36 पेक्षा 47 महाग हे खरं, पण हा हिशेब अर्धाच आहे. मंजुरी विकत घेणाऱ्याचा खर्च वाढतो, तसा अडवणूक विकणाऱ्याचा भावही वाढतो. 70 च्या सभागृहात साध्या बहुमताला अडवायचं तर 35 जण लागतात. 47 च्या अटीला अडवायला 24 पुरतात. म्हणजे एखादा चांगला आराखडा अडवून धरायचा, त्यात आपल्या खसऱ्यावरचं आरक्षण उठेपर्यंत हलू द्यायचा नाही, हे काम स्वस्त होतं. आराखड्याने नुकसान होणारेही पैसेवाले असतात, हे आपण सोयीने विसरतो. आहे ते टिकण्यात ज्याचा लाभ आहे, त्याला 24 जण गाठायचे आहेत.

बहुमत जुळवण्याची किंमत कुठल्या चलनात दिली जाते, हे मुंबईत दिसलं. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा 2015 मध्ये इतक्या चुकांसह आला की मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला. 2016 चा सुधारित मसुदा जुलै 2017 च्या अखेरीस 227 जणांच्या सभागृहात मंजूर झाला. त्या सभागृहात शिवसेनेचे 84 आणि भाजपचे 82, कोणाचंच एकट्याचं बहुमत नव्हतं. मंजुरीसोबत अडीचशेहून अधिक दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यातल्या काही रास्त असतील. पण अमुक आरक्षण हलवा, तमुक भूखंड वगळा अशा बारीक बारीक सौद्यांतून बहुमत उभं राहतं, हे सभागृहाच्या कामकाजाची ओळख असलेला कोणीही सांगेल. लागणारं प्रत्येक जास्तीचं मत म्हणजे एका जास्तीच्या दुरुस्तीची शक्यता. साध्या बहुमताला इतक्या दुरुस्त्या लागल्या, तर दोन तृतीयांशांना किती लागतील? ब्युकॅनन-टुलक अशा देवाणघेवाणीला वाईट मानत नाहीत, त्यांच्या मते तीतूनच सर्वांचं भलं साधतं. पण त्यांच्या हिशेबात देणारा आपलं देतो. आराखड्याच्या सौद्यात दिलं जातं ते शाळेचं मैदान, आणि ते देणाऱ्याचं नसतं.

संमतीच्या टक्केवारीचा दाखलाही इथे गैरलागू आहे. भूसंपादन कायद्यातले 70 आणि 80 टक्के हे ज्यांची जमीन जाते त्यांचे आहेत. इमारतीच्या पुनर्विकासाला लागणारी संमती त्याच इमारतीत राहणाऱ्यांची असते. ज्याचं जातं त्याला विचारणं वेगळं, आणि ज्याचं काही जात नाही अशा प्रतिनिधींची संख्या वाढवणं वेगळं. रायपूरच्या डुंडा भागातल्या शेतकऱ्याची संमती हवी असेल तर ती डुंड्याच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावी लागेल. सभागृहातले अकरा जास्तीचे हात त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

बाहेरच्या देशांचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेत 1920 च्या दशकात राज्यांसाठी जमीन-वापराचा नमुना कायदा तयार झाला. त्यात तीन चतुर्थांशांची अट होती, पण मूळ आराखड्याला नव्हती. आराखड्यात नंतर बदल करायचा असेल आणि त्याला लगतच्या ठरावीक प्रमाणातल्या जमीनमालकांनी लेखी विरोध केला असेल, तरच ती लागू व्हायची. करणं साध्या मतांनी, बदलणं जड मतांनी, हा तो विचार. पण त्यातही ठेच लागलीच. मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा नियमांना दोन तृतीयांशांची अट होती. आधीच घरं असलेल्यांनी ती ढाल करून नव्या घरांना वर्षानुवर्षं अडवलं. शेवटी जानेवारी 2021 मध्ये काही प्रकारच्या घरबांधणीसाठी ती साध्या बहुमतावर आणली गेली. टेक्सासने 2025 मध्ये शेजाऱ्यांच्या विरोधाला लागणारं प्रमाण निवासी बांधणीच्या काही प्रकारांत 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं. ज्यांनी जड अटी शंभर वर्षं वापरल्या, ते आज त्या सैल करताहेत. आपण त्यांनी टाकलेलं जू उचलायला निघालो आहोत.

एवढं खंडन झालं तरी मूळ भीती शिल्लकच आहे. तलाव परत येत नाही, हे खरंच आहे. पण शहराचं नुकसान नेमकं कुठल्या क्षणी होतं, हे रायपुरातच पाहायला मिळतं.

आराखड्याच्या मंजुरीच्या दिवशी ते क्वचित होतं. मंजूर आराखड्यात तलाव निळाच असतो, मैदान हिरवंच असतं. नुकसान होतं ते नंतर, एकेका तुकड्याने, आणि त्या वेळी कोणाचंही मत घेतलं जात नाही. 1973 च्या अधिनियमाचं कलम 23-अ राज्य शासनाला मंजूर आराखड्यात फेरफार करू देतं. सूचना निघते, 15 दिवसांत हरकती मागवल्या जातात. संपूर्ण शहराच्या आराखड्याला 30 दिवस आणि एका भूखंडाचा रंग बदलायला 15. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपात खसरा क्रमांक, रकबा हेक्टरमध्ये, 'प्रचलित उपयोग' आणि 'प्रस्तावित उपयोग' असे दोन स्तंभ. हा खसरा कुठला, त्याच्या शेजारी काय आहे, हे पटवाऱ्याचा नकाशा पुढ्यात घेतल्याशिवाय समजत नाही. तो समजेपर्यंत मुदत सरते.

याच्या पुढची पायरी म्हणजे झालेलं बांधकाम नियमित करून देणं. छत्तीसगढमध्ये अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा 2002 पासून आहे आणि 2022 मध्ये दुरुस्ती करून त्याचा दरवाजा पुन्हा उघडला गेला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण दंड घेऊन आराखड्याविरुद्धचं बांधकाम कायदेशीर करू शकतं. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर बांधलं त्यांना यातून दिलासा मिळतो, ते नाकारायचं नाही. पण आराखडा 47 मतांनी मंजूर झाला काय आणि 36 मतांनी झाला काय, तो मोडायला एक अर्ज आणि दंडाची पावती पुरत असेल तर पुढच्या दाराला सात कुलपं लावून उपयोग काय?

कमल विहारचं प्रकरण हेच दाखवतं. रायपूर विकास प्राधिकरणाने डुंडा, बोरियाखुर्द, देवपुरी या भागांत नगर विकास योजना आखली. जमीन द्या, विकसित भूखंड घ्या, असा तिचा गाभा होता. काही जमीनमालक न्यायालयात गेले. जुलै 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. झोनल प्लान न करताच योजना पुढे रेटली हा एक मुद्दा होता. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर नियोजनाचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. योजनेला किती मतं पडली हा प्रश्न त्या लढाईत कुठेच नव्हता. जमीनमालकांना वाचवलं ते पायऱ्यांनी: कायद्याने सांगितलेली पायरी गाळली म्हणून.

उलट बाजूचं उदाहरण तात्यापाऱ्यात मिळतं. आमापाऱ्याकडून येणारा जी. ई. रोड तात्यापारा चौकापर्यंत ऐसपैस येतो, आणि तिथून शारदा चौकापर्यंत अचानक आक्रसतो. हा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा तुकडा रुंद करायचा, हे ठरून कितीतरी वर्षं झाली. त्याच्या गरजेबद्दल पक्षांत वाद नाही. जवळजवळ एकमत असूनही रस्ता अडला, कारण भरपाईला लागणारा पैसा वेळेवर उभा राहिला नाही. मतांची संख्या हा या शहराचा तुटवडा कधीच नव्हता.

तेव्हा मंडन असं. आराखडा करणं सोपं असावं आणि मोडणं संथ. मोडण्याला जडपणा हवा, पण तो मतांच्या संख्येने आणू नये, कारण एकाच पक्षाकडे 60 जागा असलेल्या सभागृहात संख्या निकामी होते हे आपण पाहिलं. जडपणा वेळेने, उजेडाने आणि कारणांनी आणावा.

पहिली गोष्ट, पालिकेला मत द्या. संचालकाने आराखडा तयार करावा, ते तज्ज्ञाचं काम आहे. पण शासनाकडे जाण्यापूर्वी तो महानगरपालिकेच्या सभागृहापुढे यावा आणि एकूण सदस्यसंख्येच्या साध्या बहुमताने, म्हणजे 70 पैकी 36 मतांनी, मंजूर व्हावा. उपस्थितांचं बहुमत पुरू नये, नाहीतर रात्री अकरा वाजता रिकाम्या बाकांपुढे आराखडा संमत होईल. मतदान नावानिशी नोंदलं जावं. आवाजी मतदानात कोणीच जबाबदार नसतो.

दुसरी, शासनाला फेरफार करायचा असेल तर कारण द्यावं लागावं. प्रत्येक खसऱ्यामागे एक परिच्छेद: सभागृहाने काय म्हटलं, समितीने काय सुचवलं, शासनाने काय बदललं आणि का. आज समितीच्या सूचना वर जातात आणि मंजूर आराखडा खाली येतो. मधल्या प्रवासात काय गळलं ते नागरिकाला कळत नाही. लेखी कारण असलं की न्यायालयात जाणाऱ्याच्या हातात काहीतरी येतं, आणि कमल विहारने दाखवलं की शेवटी तेच कामी येतं.

तिसरी, एकेका भूखंडाच्या बदलाची मुदत मूळ आराखड्यापेक्षा कमी असूच नये. सूचना त्या प्रभागात लागावी, नकाशासह आणि जमिनीच्या मालकाच्या नावासह. सुनावणी झोन कार्यालयात व्हावी. कोणाचा फायदा होतोय हे नाव वाचून कळलं, की निम्मे अर्ज येणारच नाहीत.

चौथी गोष्ट तलाव, मैदान, शाळेची जागा यांच्यासाठी, म्हणजे जे एकदा गेलं की गेलंच त्याच्यासाठी. इथे स्वीडनकडून शिकण्यासारखं आहे. त्या देशात राज्यघटना बदलायला साधं बहुमत पुरतं, पण दोनदा, आणि दोन ठरावांच्या मध्ये सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. संख्या साधी, पण मध्ये काळ आणि मतदार. रायपूरच्या नकाशावरचा निळा किंवा हिरवा तुकडा दुसऱ्या कामाला द्यायचा तर लागोपाठच्या दोन सभागृहांनी तसं ठरवावं, मध्ये पालिकेची निवडणूक व्हावी. 60 जागा जिंकलेल्या पक्षालाही ही अट एका बैठकीत पार करता येणार नाही. आणि 34 जागांवरच्या पक्षालाही ती अशक्य नाही, फक्त त्याला आपला निर्णय घेऊन लोकांपुढे जावं लागेल. बुढा तालाब किंवा तेलीबांधा यांच्या काठावर काही करायचं असेल, तर त्याची चर्चा एका निवडणुकीत व्हावी, एवढी त्या पाण्याची किंमत नक्कीच आहे.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. इतकं संथ केलं तर रुग्णालय, मेट्रो, पाण्याची टाकी अशी निकडीची कामं कशी व्हायची? उत्तर असं की हा संथपणा सगळ्या नकाशाला नाही. निवासी जमिनीवर दवाखाना, शेतीच्या जमिनीवर जलशुद्धीकरण केंद्र हे नेहमीच्या प्रक्रियेने, 30 दिवसांच्या हरकतींनी व्हावं. दर दहा वर्षांनी होणारा संपूर्ण फेरआढावा साध्या बहुमतानेच व्हावा, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससारखं जुन्या रहिवाशांचं राज्य येणार नाही. संथपणा फक्त सार्वजनिक वापराच्या तुकड्यांना. निकडीचं कारण देऊन जर तलावच हवा असेल, तर ती निकड संशयास्पद मानायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: पार्षदांना मत देण्यापेक्षा सगळं तज्ज्ञांवर सोपवा, राजकारण बाहेर ठेवा. हेही मत शिक्षित घरांत लोकप्रिय आहे. पण आजची व्यवस्था कागदावर तशीच आहे, तज्ज्ञ करतो आणि शासन मंजूर करतं. राजकारण त्यात नाही असं कोण म्हणेल? ते फक्त सभागृहातून उठून बंद खोलीत गेलं आहे. 2025 मध्ये राज्याने रायपूर, दुर्ग-भिलाई आणि नवा रायपूर यांचं मिळून राजधानी क्षेत्राचं वेगळं प्राधिकरण करण्याचा कायदा केला. नियोजनाचं केंद्र पालिकेपासून आणखी एक पायरी वर सरकलं. अशा वेळी पालिकेसाठी दोन तृतीयांशांची मागणी करत बसणं म्हणजे वर सरकलेल्या अधिकाराकडे पाठ फिरवणं. प्राधिकरणाच्या आराखड्यावर रायपूरच्या सभागृहाचं मत घेतलं जाणार का, हा आजचा प्रश्न आहे.

बहुमताचा आकडा मागणं सोपं असतं. आकडा नेमका वाटतो, भाषणात टाळ्या घेतो आणि कायद्यात एका ओळीत बसतो. नावानिशी मतदान, लेखी कारणं, वाचता येणारी सूचना आणि दोन सभागृहांच्या मधली निवडणूक यांच्यासाठी एका कलमाऐवजी पाच-सहा कलमं बदलावी लागतील, आणि ती बदलण्यात कुठल्याच सत्ताधाऱ्याला उत्साह नसेल. म्हणूनच मागणी यांची करायची. पुढच्या वेळी मसुद्यावर दावा-आपत्ती द्यायला नगर निवेशच्या कार्यालयात जाणाऱ्यांनी अर्जात दोन तृतीयांशांचा आग्रह धरू नये. माझी हरकत फेटाळली तर कारण लेखी द्या, आणि हा आराखडा माझ्या पार्षदाच्या नावानिशी मतासाठी सभागृहात ठेवा, या दोन ओळी पुरेत.